हवालदिलांचा दगड

पाऊस लांबला की आपल्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : ‘शेतकरी हवालदिल’. शब्द इतका रुळलेला आहे की त्यातलं ‘हवाल’ कुठलं आणि ‘दिल’ कुठलं, हे कुणी विचारत नाही. मूळ शब्द ‘हौल-दिल’. हौल म्हणजे धास्ती, दिल म्हणजे काळीज. ज्याच्या काळजात धडकी भरली तो हवालदिल. याच शब्दावरून मोगल दरबारात एका दागिन्याला नाव पडलं, ‘हौलदिली’. जेड या शोभेच्या दगडाचा चपटा, गुळगुळीत ताईत, गळ्यातून छातीवर रुळणारा. काळजाची धडधड थांबावी म्हणून घालायचा. शहाजहानच्या बिरुदांचा लेख कोरलेली, १६३७-३८ सालची अशी एक हौलदिली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

मी या वाटेला लागले ती आत्यामुळे.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची, पुण्यात नळ स्टॉपजवळ एकटी राहते. गुडघे गेलेत, साखर आहे, बाकी ठणठणीत. गेल्या वर्षी ती रोज सकाळी कर्वे रस्त्यालगतच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जायला लागली. कुठल्याशा कंपनीचं ‘थेरपी सेंटर’. फुकट. चपला बाहेर काढायच्या, प्लॅस्टिकचं टोकन घ्यायचं आणि नंबर येईपर्यंत खुर्च्यांच्या रांगेत बसायचं. मी एकदा तिच्याबरोबर गेले. आत निळ्या रेक्झिनच्या आठ खाटा. खाटेच्या पोटात तापवलेले जेडचे गोटे. आपण उताणं पडायचं. ते गोटे मानेपासून माकडहाडापर्यंत कण्याखालून सरकत जातात, परत वर येतात. मीही आडवी झाले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. इतकं की डोळा लागला.

जाग आली ती माइकच्या आवाजानं. टाय लावलेला, पंचविशीतला मुलगा. “आई-बाबा, आज कुणाकुणाची शुगर उतरली?” चार हात वर. टाळ्या. “गुडघे कुणाचे मोकळे झाले?” सात-आठ हात. टाळ्या. “आणि बीपीची गोळी कुणाची सुटली?” एक आजोबा उभे राहिले, त्यांनी माइक हातात घेतला आणि दहावीत पहिला आलेला मुलगा सत्काराला उत्तर देतो तसं बोलले. मग त्या मुलानं सांगितलं की चीनचे राजे पाच हजार वर्षांपासून हाच दगड वापरत आलेत. भिंतीवरच्या फलकांवर मात्र एकाही आजाराचं नाव नव्हतं. ‘निसर्गाची ऊब’, ‘निरोगी कुटुंब’ असलं काहीबाही. मधुमेह, रक्तदाब, संधिवात हे सगळं फक्त तोंडानं.

पंधरा दिवसांनी कळलं की आत्यानं संध्याकाळची गोळी परस्पर बंद केली होती. उपाशीपोटीची साखर २१२.

डॉक्टर तिला जे बोलायचं ते बोलले. मला मात्र त्या पाच हजार वर्षांनी छळलं. कारण ते वाक्य खोटं नाही. जेडचा इतिहास तेवढा जुना आहेच, किंबहुना त्याहून जुना आहे. मग एवढ्या जुन्या दगडात काहीतरी असेलच की, हा आत्याचा प्रश्न अगदीच वेडगळ म्हणता येत नाही. मी वाचत गेले आणि उलट्याच निष्कर्षाला आले : तो इतिहास त्या माइकवरच्या दाव्याच्या बाजूनं साक्ष देत नाही, विरुद्ध देतो. आणि आपण शहर म्हणून, सरकार म्हणून त्या माइककडे काणाडोळा करतो, हे त्याहून वाईट आहे.

जेडचं पहिलं काम औषधाचं नव्हतं, कुऱ्हाडीचं होतं. नेफ्राइट या जातीच्या जेडमध्ये खनिजाचे बारीक तंतू नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे त्याच्यावर ओरखडा पडू शकतो, पण तो सहजी फुटत नाही. काठिण्यात त्याच्या कितीतरी पुढे असलेला हिरा हातोडीच्या एका घावात फुटेल. नेफ्राइट तो घाव पचवतं. धातू हाती यायच्या आधीच्या माणसाला यापेक्षा मोठा गुण कुठला हवा होता? न्यूझीलंडच्या माओरींनी त्याची पाती केली, छिन्न्या केल्या, मग गळ्यात घालायची लेणी केली. त्यांचा हा ‘पोउनामू’ पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत जातो, आणि ज्या-ज्या पूर्वजाच्या अंगावर तो राहिला त्याचं तेज त्याला चढतं अशी भावना आहे. १९९७ मध्ये कायदा करून तिथल्या सरकारनं दक्षिण बेटावरच्या पोउनामूची मालकी न्गाई ताहू या जमातीला परत दिली. आपल्याकडे आजीची मोहनमाळ मोडायला कुणाचा हात होत नाही, त्यातलीच ही गोष्ट. इथे दगड मोठा होतो तो माणसांमुळे.

चीनमध्ये लिआंगझू संस्कृतीच्या लोकांनी पाच हजार वर्षांपूर्वी जेडच्या चकत्या आणि बाहेरून चौकोनी, आतून गोल अशा नळ्या थडग्यांत ठेवल्या. त्या घडवायला किती हात किती दिवस झिजले असतील, याचा विचार करूनच बोटं दुखतात. कारण जेड कापता येत नाही, वाळू आणि पाणी लावून घासावं लागतं. पुढे कन्फ्यूशियसच्या नावावर एक सुंदर संवाद आहे. शिष्य विचारतो, सज्जन माणूस जेडला एवढं का मानतो, ते दुर्मीळ म्हणून का? गुरू म्हणतो, नाही. त्याची झळाळी ऊबदार असते, तो करुणेचा गुण. कडा असतात पण त्या कापत नाहीत, तो न्यायाचा. ठोकलं की स्वच्छ, लांब नाद देतं. आणि त्याचे दोष त्याचं सौंदर्य झाकत नाहीत, सौंदर्य दोष झाकत नाही, तो प्रामाणिकपणा. या सबंध यादीत गुडघ्यांचा उल्लेख नाही, हे मी दोनदा तपासलं.

पण चीनमध्ये जेडला देहाचा रक्षक मानणारा प्रवाहही होता, हे नाकारून चालणार नाही. हान काळात राजघराण्यातल्या मृतांना जेडचे आख्खे पोशाख घालत. झोंगशानचा राजा लिऊ शेंग इसवी सनापूर्वी ११३ मध्ये वारला. त्याची कबर हेबेई प्रांतात १९६८ मध्ये सापडली. त्याच्या अंगावर जेडच्या २४९८ चौकटींचा पोशाख होता, सोन्याच्या तारेनं विणलेला. सोनं किलोभराहून जास्त. देह कुजू नये हा त्यामागचा हेतू. पोशाख मिळाला, राजाची माती झाली होती. चौथ्या शतकातल्या गं होंग या ताओपंथी पंडितानं जेड पोटात घेणाऱ्याला जेडइतकं आयुष्य लाभतं असं लिहून ठेवलं आहे. तोही आज हयात नाही.

युरोपची गोष्ट आणखी गमतीची. ‘जेड’ हा शब्दच मुळी एका दुखण्याचं नाव आहे. स्पॅनिश लोक मध्य अमेरिकेत पोचले तेव्हा तिथले लोक हा हिरवा दगड सोन्याहून मोलाचा मानत. (माया राजा पकाल ६८३ मध्ये वारला, त्याच्या तोंडावर जेडचा मुखवटा होता, १९५२ मध्ये ती कबर उघडली.) स्पॅनिशांनी त्याला नाव दिलं ‘पिएद्रा दे इखादा’, म्हणजे कुशीचा दगड. कुशीत, कमरेच्या बाजूला मूतखड्याची कळ येते तिच्यावर तो बांधायचा. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस यानं सोळाव्या शतकात त्याची कीर्ती युरोपभर पोचवली. त्या ‘इखादा’चं फ्रेंचमध्ये ‘जाद’ झालं, मग ‘जेड’. लॅटिनमध्ये तोच ‘लापिस नेफ्रिटिकस’, मूत्रपिंडाचा दगड, आणि त्यावरून ‘नेफ्राइट’. आपले मूत्रपिंडाचे डॉक्टर नेफ्रॉलॉजिस्ट आणि आत्याच्या खाटेतला गोटा नेफ्राइट, दोघं एकाच गोत्रातले.

आता जमवून बघा. चिन्यांना अमर व्हायचं होतं, जेडनं अमरत्व दिलं. स्पॅनिशांना मूतखड्याची भीती, जेडनं मूत्रपिंड सांभाळलं. मोगलांचं काळीज धडधडत होतं, जेडनं काळीज सांभाळलं. शिवाय जेडच्या पेल्यात विष ओतलं तर ते उघडं पडतं, असंही ते मानत. सिंहासनासाठी भाऊ भावाला मारत होते अशा घराण्यात दुसरी कसली भीती असणार? आणि एकविसाव्या शतकातल्या पुण्यात जेड साखर, रक्तदाब आणि गुडघे सांभाळतो. एखाद्या औषधाचा गुण जागोजागी बदलत नाही. पॅरासिटामॉल पेशावरात ताप उतरवतं आणि पुण्यात टक्कल घालवतं असं होत नाही. जेडच्या बाबतीत दगड जागच्या जागी आहे, त्या-त्या काळाची धास्ती तेवढी बदलली. हौलदिली हे नाव ज्यानं ठेवलं त्याला नकळत खरं सापडलं होतं.

बरं, दगडही जागच्या जागी नाही. १८६३ मध्ये आलेक्सी दामूर या फ्रेंच रसायनज्ञानं दाखवून दिलं की ज्याला सगळे जेड म्हणतात ती दोन वेगळी खनिजं आहेत. एक नेफ्राइट, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. दुसरं जेडाइट, त्यात सोडियम आणि ॲल्युमिनियम. दोघांची घडण वेगळी, घनता वेगळी. चीनचे प्राचीन राजे ज्या जेडवर जगले ते नेफ्राइट, त्यातलं नावाजलेलं खोतानच्या नद्यांतून वेचलेलं. ब्रह्मदेशातलं झगझगीत हिरवं जेडाइट तिथे मोठ्या प्रमाणात पोचलं ते अठराव्या शतकात. पकालचा मुखवटा मात्र जेडाइटचा. मग गुण कुठल्या खनिजाचा? विक्रेत्याला विचारून बघा. मी विचारलं. तो म्हणाला, “ओरिजिनल जेडचा.”

प्राचीन काळात कुणी तपासून बघितलंच नाही, असंही नाही. दुसऱ्या शतकातल्या गालेन या ग्रीक वैद्याची एक नोंद मला फार आवडते. त्याच्या काळी पोटाच्या विकारावर ‘इआस्पिस’ नावाचा हिरवा दगड बांधत. आपल्या युनानी वैद्यकात जेडला म्हणतात तो ‘यशब’ हा त्याच शब्दाचा भाऊ. त्यावर किरणं फाकलेला नाग कोरलेला हवा, असं शास्त्र होतं. गालेननं न कोरलेल्या दगडांची माळ केली, पोटाच्या तोंडाशी टेकेल अशी गळ्यात घालून पाहिली, आणि लिहिलं की नाग नसला तरी गुण तेवढाच येतो. वा! अर्धं काम झालं होतं. नाग काढून बघितला, दगड काढून बघायचा राहिला. तेवढं दुसरं अर्धं काम करायला माणसाला पुढे दीड हजारावर वर्षं लागली. माइकवाल्या मुलाच्या कंपनीनं ते आजही केलेलं नाही.

शहाजहानचंही पुढे काय झालं ते आपल्या मुलखाला ठाऊक असायला हवं. १६५७ साली त्याच्यासाठी पांढऱ्या जेडचा एक पेला घडवला, खाली कमळ, मुठीला बोकडाचं तोंड. जेडकामाचा त्याहून देखणा नमुना क्वचितच असेल. त्याच वर्षी सप्टेंबरात बादशहा आजारी पडला. लघवी तुंबली. म्हणजे युरोपातले वैद्य ज्या दुखण्यावर जेड बांधत होते, जवळपास तेच. बातमी फुटली, चारही मुलगे उठले. त्या उन्हाळ्यात शिवाजी महाराजांनी जुन्नर लुटलं होतं. आता औरंगजेबाचं लक्ष आग्र्याकडे वळलं आणि ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. जेडचा मराठी माणसाला ऐतिहासिक फायदा झालाच असेल, तर तो जेडला गुण न आल्यामुळे.

एका बादशहावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मग एका आजोबांच्या सुटलेल्या गोळीवरूनही होत नाही.

परंपरेचं नाव घेऊन परंपराच बनवली जाते, हा आणखी एक प्रकार. ग्वेनेथ पॅल्ट्रो या अभिनेत्रीच्या कंपनीनं बायकांनी शरीरात ठेवायची जेडची अंडी विकली, प्राचीन चिनी राण्यांचं गुपित म्हणून. जेनिफर गंटर या डॉक्टर आणि सारा पार्कॅक या पुरातत्त्वज्ञ, दोघींनी अमेरिकेतल्या संग्रहालयांमधल्या पाच हजारांवर जेडच्या वस्तूंची नोंद धुंडाळली. असलं अंडं एकही नाही. त्याआधीच, २०१८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सरकारी वकिलांनी दाव्यांना पुरावा नाही म्हणून कंपनीला गाठलं होतं आणि तिनं १ लाख ४५ हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आपल्याकडे तर जेडला धड परंपराही नाही. माणिक, मोती, प्रवाळ, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या. नवरत्नांत जेड कुठे आहे? चरकसंहितेत रत्नं धारण करण्याचे गुण सांगितलेत : धन्य, मांगल्य, आयुष्य, हर्ष देणारं, ओज देणारं. दागिना घातल्यावर माणूस खुलतो, हे निरीक्षण लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीत कुणीही करू शकतं. पण तिथेही जेडचं नाव नाही. हल्ली बुधासाठी पाचू परवडत नाही म्हणून ‘उपरत्न’ म्हणून जेड सुचवतात, ती बाजाराची सोय. गुलाबपाण्यात खललेली संगेयशब पिष्टी आयुर्वेदात वापरतात, ती युनानी वळणाची. धडधडीवरच देतात, म्हणजे हौलदिलीचाच नातलग. तिच्याबद्दलही मला शंका आहेत (नेफ्राइट ज्या खनिजकुळातलं, त्याच कुळाच्या सुट्या तंतूंना ॲस्बेस्टॉस म्हणतात, तेव्हा भुकटीच्या बाबतीत जपूनच). पण तिथे निदान मात्रा ठरलेली असते आणि समोर नोंदणी असलेला वैद्य असतो, त्याला जाब विचारता येतो. माइकला जाब विचारता येत नाही.

दूरच्या दगडाला गुण फार, ही खोड एकट्या आपली नाही. पाषाणच्या टेकडीवरच्या खाणीतलं हिरवं अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक डोक्यावर घेतात. कॅव्हन्साइट तर वाघोलीइतकं सुंदर दुसरीकडे मिळतच नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढे हे स्फटिक वाढले. अमेरिकेतल्या ‘हीलिंग क्रिस्टल’च्या दुकानांत अपोफिलाइट देवदूतांशी संधान जुळवायला विकतात. इकडे आपण त्याच खाणींची खडी करून रस्ते बांधले. कात्रज-देहू रस्ता बायपासला रोज अडकणाऱ्यांना देवदूतांचा काही अनुभव असल्यास कळवावे.

आता त्या ब्रेसलेटची गोष्ट. सेंटरला तीन नवीन माणसं आणली की जेडचं ब्रेसलेट भेट मिळत असे. आत्यानं तीन माणसं नेली (तिसरी मी). हिरवे मणी, इलॅस्टिकमध्ये ओवलेले. उजेडात धरले की आत बारीक चमचम. मी ते सोन्या मारुती चौकाजवळच्या ओळखीच्या सराफाकडे नेलं. त्यांनी काट्यावर ठेवलं : ३१.८ ग्रॅम. मग पेल्यात पाणी घेतलं, ब्रेसलेट दोऱ्यानं काट्याला टांगून पाण्यात सोडलं. “ताई, मण्यांच्या भोकांत हवा अडकते, जरा झटका,” म्हणाले. झटकलं, चार बुडबुडे वर आले. वजन १९.८. म्हणजे पाण्यात १२ ग्रॅम घटलं. ३१.८ भागिले १२, बरोबर २.६५. नेफ्राइट असतं तर आकडा २.९च्या पुढे आला असता, जेडाइट असतं तर ३.३च्या आसपास. २.६५ म्हणजे क्वार्ट्झ. गारगोटीच, फक्त हिरव्या अभ्रकाच्या कणांमुळे चमचमणारी. तिला ॲव्हेंच्युरिन म्हणतात, आणि बाजारात तीच ‘इंडियन जेड’ या नावानं खपते. सराफांनी ब्रेसलेट पुसून परत दिलं आणि म्हणाले, “मणी छान आहेत. घालू द्या की त्यांना.”

हे मला पटलं, आणि तिथेच माझं म्हणणं नीट मांडलं पाहिजे. आत्याच्या हातातल्या मण्यांशी माझं भांडण नाही. गरम खाटेवर पडण्याशीही नाही. ऊब लागली की स्नायू सैलावतात, दुखणं थोडा वेळ कमी वाटतं. गरम पाण्याच्या रबरी पिशवीनंही तेच होतं. जेडमधून ‘इन्फ्रारेड किरण’ निघतात असं ते सांगतात. निघतात की. गरम तव्यातूनही निघतात, आत्यातूनही निघतात. ज्यात ऊब आहे त्या सगळ्यातून निघतात. शास्त्राचा शब्द वापरला म्हणून शास्त्र होत नाही, आणि आजची बुवाबाजी अंगारा लावून येत नाही, टाय लावून येते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा याच शहरात २० ऑगस्ट २०१३ रोजी पुलावर खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. पण तो कायदा अघोरी प्रकारांसाठी आहे. वातानुकूलित खोलीत टाळ्यांच्या गजरात गोळी सोडायला लावणं त्याच्या पकडीत येत नाही.

दुसरा एक कायदा मात्र आहे, आणि तो सत्तर वर्षांपासून आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४. मी तो वाचला तेव्हा करणाऱ्यांना मनोमन हात जोडले. त्यात ‘औषध’ म्हणजे गोळी-काढाच नव्हे. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली, अन्नाखेरीज कुठलीही वस्तू. ताईत, मंत्र, कवच यांचा वेगळा उल्लेख आहे. परिशिष्टातल्या आजारांच्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, हृदयविकार, पक्षाघात आहे. हे बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायचाच नाही. आणि जाहिरात म्हणजे काय? छापील पत्रक, वेष्टन, आणि तोंडी केलेली घोषणासुद्धा. इतकंच नव्हे, प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साहाय्यानं केलेलीही. १९५४ साली कुणीतरी बसून विचार केला होता की उद्या एखादा धुरानं जाहिरात करील. भिंतीवर काही लिहायचं नाही, सगळं माइकवर बोलायचं, ही पळवाट म्हणून काढली असेल, तर ती वाट सत्तर वर्षांपूर्वीच बुजवलेली आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर वर्षापर्यंत. शिवाय २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत.

मग अडतं कुठे? तक्रार करणारं कुणी नसतं. आत्याला म्हटलं, आपण लिहू. ती म्हणाली, “त्या पोराला कशाला त्रास? लातूरहून आलाय. खाट विकली गेली तर त्याचा पगार निघतो.” खाट सव्वा लाखाच्या आसपास. तिच्या शेजारच्या जोडप्यानं ठेव मोडून घेतली. मोडताना मुलांना सांगितलं नाही. फसल्याची लाज वाटते आणि फसवणाऱ्याची दया येते, अशा माणसाकडून तक्रार येणार नाही हे गृहीत धरूनच हा धंदा उभा आहे. म्हणून अन्न व औषध प्रशासनानं अर्जाची वाट बघत बसू नये, एवढी माझी मागणी आहे. एखाद्या निवृत्तीला आलेल्या निरीक्षकाला साध्या कपड्यांत आठवडाभर त्या खुर्चीवर बसवा. टोकन फुकट मिळतं, कण्यालाही बरं वाटेल. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि पोराला सोडून कंपनीला नोटीस काढा. आणि अशा प्रत्येक सेंटरच्या दारावर, चपला काढतो तिथे, ठळक मराठीत पाटी लावायला लावा : इथे कोणताही आजार बरा होत नाही, डॉक्टरांची औषधं बंद करू नका.

लोक म्हणतात, रुग्णालयांत काय कमी लूट चालते? चालते. तिथल्या बिलांवरही लिहीन. पण एका दुकानात माप मारतात म्हणून दुसऱ्या दुकानातलं माप आपण सोडून देत नाही.

त्याहून मला अडवतो तो आत्याचा स्वतःचा युक्तिवाद. ती म्हणाली, “अगं, तिथे मला कुणीतरी रोज ‘आलात का आई’ म्हणून विचारतं. दवाखान्यात ‘पुढे सरका आजी’ म्हणतात.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. चाळीस मिनिटं ऊब, ओळखीचे चेहरे, आपलं दुखणं ऐकून टाळ्या वाजवणारी माणसं. हे खरं औषध असेल, तर ते सव्वा लाखाच्या खाटेखेरीजही देता येतं. महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत. त्यातल्या कित्येकांत पत्ते आणि वर्तमानपत्रं यापलीकडे काही नसतं. शहरात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, शिकाऊ मुलांना अनुभव हवा असतो. सकाळी दोन तास त्यांना तिथे बसवायला काय लागतं? आपण ते करत नाही, म्हणून दुसऱ्या मजल्यावरची रांग कमी होत नाही.

आणि त्या दगडाची दुसरी बाजू कुणाच्याच माइकवर येत नाही. म्यानमारच्या काचिन प्रांतात फाकांत इथे जेडाइटच्या खाणी आहेत. खाणींच्या टाकाऊ मातीच्या डोंगरांवर गरीब लोक तुकडे वेचतात. २ जुलै २०२० रोजी पावसात एक ढीग तलावात कोसळला, चिखलाची लाट उसळली आणि १७०हून अधिक माणसं गेली. त्यांच्यासाठी कुणी हौलदिली घडवली नव्हती.

आत्या गोळ्या पुन्हा घेते. साखर आटोक्यात आहे. ब्रेसलेट हातात आहे, गारगोटी आहे हे तिला मी सांगितलं, ती म्हणाली, “असू दे, साडीला जातं.” सेंटरही सोडलेलं नाही, पण आता शनिवारीच जाते, मैत्रिणी भेटतात म्हणून. गेल्या महिन्यात मुलानं माइकवर नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा तिनं हात वर केला. “शुगर उतरली,” ती म्हणाली, “गोळीनं. सकाळी एक, संध्याकाळी एक.” टाळ्या वाजल्या नाहीत. मुलानं माइक परत घेतला. मागच्या खुर्चीवरच्या बाई पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “कुठली हो गोळी? नाव लिहून देता?”